आरोग्यक्षेत्रातील गुणात्मक संशोधनाचे चिकित्सक परीक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आरोग्यविज्ञानातील संशोधन म्हटले की नमुन्याचा आकार, सरासरी, प्रमाणित विचलन आणि सार्थकता चाचणी या गोष्टी प्रथम डोळ्यांसमोर येतात. एखाद्या औषधाने किती रुग्ण बरे झाले हे सांगण्यासाठी त्या आवश्यकच आहेत. परंतु क्षयरोगाचा रुग्ण औषध अर्ध्यावर का सोडतो, मरणासन्न रुग्णापुढे परिचारिका कोणता विषय टाळते, मनोरुग्णालयातील दिवस तेथे राहणाऱ्याला कसा वाटतो, या प्रश्नांची उत्तरे आकडेवारीच्या तक्त्यात सापडत नाहीत. ती दीर्घ मुलाखतींतून, निरीक्षणातून आणि माणसांच्या बोलण्यातून शोधावी लागतात. अशा प्रकारच्या शोधास गुणात्मक संशोधन असे म्हटले जाते.

अडचण पुढेच आहे. संख्यात्मक संशोधनातील गणित दुसऱ्यास पुन्हा करून पाहता येते. गुणात्मक संशोधनात मात्र संशोधक हाच संशोधनाचे साधन असतो. त्याने काय पाहिले, कोणाचे ऐकले आणि त्यातून कोणता अर्थ काढला, हे वाचकास त्याच्याच शब्दांतून कळते. मग वाचकाने विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? परिचर्या, समाजकार्य, मानसशास्त्र, गृहविज्ञान इत्यादी विषयांच्या प्रबंधांचे मार्गदर्शक वा परीक्षक म्हणून काम करणाऱ्या प्राध्यापकांस हा प्रश्न वारंवार सोडवावा लागतो. बहुधा तो एखादी तपासणी सूची भरून सोडविला जातो.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे दोन आहेत. पहिले, आरोग्यक्षेत्रातील गुणात्मक संशोधनाच्या परीक्षणाचे निकष कसकसे घडत गेले याचा मागोवा घेणे. दुसरे, या निकषांनी नेमके काय साधले आणि काय साधले नाही हे एका गाजलेल्या प्रकरणाच्या आधारे तपासणे. निबंध प्रकाशित ग्रंथ व लेखांवर आधारलेला असून त्याची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे.

१. आरंभ : कॅन्ससमधील वैद्यकीय विद्यार्थी

गुणात्मक संशोधनाची शिस्त ही अलीकडची कल्पना आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हॉवर्ड बेकर, ब्लांश गीर, एव्हरेट ह्यूज आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या सहवासात राहून निरीक्षण केले. वर्गात, वॉर्डात, फावल्या वेळच्या गप्पांत ते विद्यार्थ्यांबरोबर असत. या अभ्यासातून ‘बॉइज इन व्हाइट’ हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या अभ्यासातील एक उदाहरण बोलके आहे. विद्यार्थी काही रुग्णांना ‘क्रॉक’ म्हणत. या शब्दाचा अर्थ बेकर यांनी विचारला, तेव्हा आरंभी विद्यार्थ्यांना तो नीट सांगता येईना. चिकाटीने चर्चा केल्यावर उलगडले की, ज्याच्या तक्रारी पुष्कळ परंतु ज्याच्या शरीरात कोणताही दोष सापडत नाही असा रुग्ण म्हणजे ‘क्रॉक’. असा रुग्ण विद्यार्थ्यांना नकोसा असे, कारण त्याच्यापासून वैद्यकीय अनुभवाच्या दृष्टीने शिकण्यासारखे काही मिळत नसे. एका हेटाळणीच्या शब्दातून शिक्षणव्यवस्थेची मूल्ये उघड झाली. हे कार्य कोणत्याही प्रश्नावलीस जमले नसते, कारण हा शब्द विचारावा हेच प्रश्नावली तयार करणाऱ्यास सुचले नसते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, ग्रंथापूर्वीच, १९५८ मध्ये, बेकर यांनी सहभागी निरीक्षणातील अनुमान व पुरावा या विषयावर स्वतंत्र लेख लिहिला होता. माहिती देणाऱ्याने एखादे विधान आपण होऊन केले की निरीक्षकाने विचारल्यावरून केले, ते निरीक्षकाशी एकांतात बोलताना केले की इतरांसमक्ष, निष्कर्षाच्या विरोधात जाणारे प्रसंग किती आणि कोणते, या बाबी नोंदवून त्यांची वर्गवारी करावी, असे त्यांनी सुचविले. निष्कर्ष टप्प्याटप्प्याने कसा घडत गेला याची हकीकत वाचकापुढे ठेवावी, म्हणजे त्यास स्वतःच निर्णय करता येईल, हा त्यांचा मुख्य आग्रह होता. पुढील साठ वर्षांच्या चर्चेचे बीज येथे आहे.

२. दोन निराळे आदर्श

१९६१ मध्येच अर्विंग गॉफमन यांचा ‘असायलम्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५५-५६ या काळात त्यांनी वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या सात हजारांहून अधिक रुग्ण असलेल्या मनोरुग्णालयात वर्षभर निरीक्षण केले. क्रीडाविभागाच्या प्रमुखाचे सहायक या नात्याने ते तेथे वावरत. रुग्णालय, तुरुंग, मठ अशा ‘सर्वंकष संस्थां’मध्ये माणसाची ओळख कशी पुसली जाते, हे त्यांनी दाखविले. बेकर यांनी सांगितलेली काटेकोर वर्गवारी या ग्रंथात नाही. तथापि प्रस्तावनेत गॉफमन यांनी नेहमीची मोजमापे आपण वापरली नाहीत, आपले वर्णन रुग्णांच्या बाजूस झुकलेले आहे आणि आपली दृष्टी मध्यमवर्गीय पुरुषाची असू शकेल, असे मोकळेपणाने मान्य केले आहे. वाचकास सावध करून मग बोलण्याची ही रीत होय.

दुसरा आदर्श बार्नी ग्लेसर व अँसेल्म स्ट्रॉस यांचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि कर्मचारी यांच्या वागणुकीचा अभ्यास करून त्यांनी १९६५ मध्ये ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ हा ग्रंथ सिद्ध केला. रुग्णास काहीच ठाऊक नसणे, त्यास संशय येणे, सर्वांस ठाऊक असूनही दोन्ही बाजूंनी सोंग वठविणे आणि उघडपणे बोलणे, अशा जाणिवेच्या चार अवस्था त्यांनी मांडल्या. १९६७ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीचे विवेचन ‘द डिस्कव्हरी ऑफ ग्राउंडेड थिअरी’ या ग्रंथात केले. सिद्धांत आधारसामग्रीतून उगवावा, तो परिस्थितीस लागू पडावा आणि व्यवहारात उपयोगी ठरावा, ही त्यांची कसोटी होती. वॉर्डात काम करणारी कोणतीही परिचारिका आपल्या अनुभवाशी या चार अवस्था ताडून पाहू शकते. हेही एक प्रकारचे परीक्षणच होय.

३. रोझनहान यांचा शोधनिबंध

जानेवारी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझनहान यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात सांगितल्यानुसार आठ निरोगी व्यक्ती खोटे रुग्ण बनून अमेरिकेतील पाच राज्यांतील बारा रुग्णालयांत गेल्या. आपल्याला आवाज ऐकू येतात, एवढीच खोटी तक्रार त्यांनी केली. नाव, व्यवसाय यांसारखे तपशील बदलले असले तरी बाकीचा जीवनवृत्तांत खरा सांगितला. दाखल झाल्यावर त्यांनी सर्व लक्षणे थांबविली. तरीही त्यांना सात ते बावन्न दिवस, सरासरीने एकोणीस दिवस, रुग्णालयात काढावे लागले आणि बहुतेकांस छिन्नमनस्कतेचे निदान चिकटले. त्यांनी उघडपणे टिपणे घेतली, तर तेही रोगाचे लक्षण मानले गेले.

निबंधात निरीक्षणाबरोबर आकडेही होते. डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ यांचा रुग्णांशी येणारा संपर्क दिवसाकाठी सरासरी ६.८ मिनिटे होता, असे नमूद केले होते. कथनाची पकड आणि आकड्यांचा भारदस्तपणा यांच्या संयोगाने निबंध विलक्षण गाजला. पाठ्यपुस्तकांतून तो पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. मनोविकारांच्या निदानाची विश्वसनीयता हा जो वाद त्या काळी पेटला होता, त्यास त्याने मोठेच इंधन पुरविले. रॉबर्ट स्पिट्झर यांनी १९७५ मध्ये निबंधातील तर्कावर कठोर टीका केली, आणि पुढे १९८० मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली अमेरिकन निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती, लक्षणांच्या नेमक्या निकषांसह, सिद्ध झाली.

तथापि त्या काळच्या टीकेचा रोख प्रामुख्याने तर्कावर होता. खोटे लक्षण सांगितल्यावर चुकीचे निदान होणे स्वाभाविक नाही काय, हा स्पिट्झर यांचा सवाल होता. मूळ टिपणे कोठे आहेत, कोणती रुग्णालये, कोणत्या व्यक्ती, हे सारे गोपनीयतेच्या कारणाने झाकलेले राहिले. रोझनहान यांनी या विषयावर ग्रंथ लिहिण्याचा करार केला होता, परंतु तो ग्रंथ कधीच प्रसिद्ध झाला नाही.

४. निकषांची जडणघडण

गुणात्मक संशोधनास स्वतःचे निकष असावेत, ही मागणी १९८० च्या दशकात जोर धरू लागली. यव्होना लिंकन व इगॉन गूबा यांनी १९८५ मध्ये ‘नॅचरॅलिस्टिक इन्क्वायरी’ या ग्रंथात चार निकष मांडले. निष्कर्ष माहिती देणाऱ्यांच्या अनुभवाशी जुळतात का, दुसऱ्या परिस्थितीस ते लागू करण्याइतके सविस्तर वर्णन दिले आहे का, अभ्यासाची प्रक्रिया सुसंगत आहे का, आणि निष्कर्ष आधारसामग्रीतून निघाले की संशोधकाच्या पूर्वग्रहातून, हे ते चार प्रश्न होत. यांपैकी शेवटच्या दोहोंसाठी त्यांनी ‘ऑडिट ट्रेल’ ही कल्पना पुरस्कारिली. ज्याप्रमाणे हिशेबतपासनीस पावतीपासून ताळेबंदापर्यंत जातो, त्याप्रमाणे बाहेरच्या व्यक्तीस कच्च्या टिपणांपासून निष्कर्षापर्यंत जाता आले पाहिजे, असा तिचा आशय आहे. परिचर्याशास्त्रात मार्गारेट सँडेलोव्स्की यांनी १९८६ मध्ये याच विषयाची चर्चा केली. १९९३ मध्ये मात्र त्यांनीच काटेकोरपणाच्या अतिरेकाने संशोधनाचा प्राण जातो, असा इशारा दिला.

१९९० च्या दशकात पुराव्यावर आधारित वैद्यकाची चळवळ उदयास आली. तिने यादृच्छिक नियंत्रित चाचणीस पुराव्याच्या उतरंडीत वरचे स्थान दिले. गुणात्मक संशोधनास या दरबारात प्रवेश हवा असेल, तर त्यानेही आपली गुणवत्ता सिद्ध करावी, अशी अपेक्षा निर्माण झाली. १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने कॅथरीन पोप व निकोलस मेज यांची लेखमाला प्रसिद्ध करून डॉक्टरांना या पद्धतींचा परिचय करून दिला. ऑक्सफर्ड येथे सुरू झालेल्या ‘कास्प’ या उपक्रमाची दहा प्रश्नांची सूची प्रचारात आली. २००७ मध्ये ॲलिसन टाँग, पीटर सेन्सबरी व जोनाथन क्रेग यांनी मुलाखती व गटचर्चा यांवरील अहवालांसाठी ‘कोरेक’ ही बत्तीस मुद्द्यांची सूची मांडली. २०१४ मध्ये एकवीस मुद्द्यांचे आणखी एक मानक आले. पुढे २०१५ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांवर किती विश्वास ठेवावा हे ठरविण्यासाठी ‘सर्क्वल’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. पद्धतीतील उणिवा, सुसंगती, आधारसामग्रीची पर्याप्तता आणि प्रस्तुतता हे तिचे चार घटक आहेत.

५. सूचींचे गुण व मर्यादा

तपासणी सूचींनी काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नवख्या संशोधकास त्या विसरलेल्या गोष्टींची आठवण करून देतात. मुलाखत कोणी घेतली, ती ध्वनिमुद्रित केली होती का, मुलाखत घेणारा व देणारा यांचे पूर्वीचे नाते काय होते, हे प्रश्न सूचीमुळेच अहवालात येऊ लागले.

मात्र मर्यादाही लवकरच लक्षात आल्या. रोझलीन बार्बर यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात, तपासणी सूची संशोधनावरच स्वार होऊ लागल्या आहेत का, असा प्रश्न विचारला. हेतुपूर्वक नमुनानिवड, एकाहून अधिक व्यक्तींनी केलेले संकेतन, माहिती देणाऱ्यांकडून निष्कर्षांची खातरजमा अशी तंत्रे समजून न घेता केवळ नावापुरती नोंदविली, तर गुणवत्ता वाढत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेरी डिक्सन-वूड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. सहा परीक्षकांनी बारा शोधनिबंध तीन रीतींनी तपासले. त्यांपैकी दोन रीती सूचीच्या आधारे होत्या, तर एक केवळ स्वतःच्या विवेकाने. परीक्षकांत एकमत अत्यल्प आढळले आणि सूचीमुळे ते वाढल्याचेही दिसले नाही.

दुसऱ्या बाजूने, सूचींनी गुणात्मक संशोधनास अपेक्षित मानही मिळवून दिला नाही. २०१६ मध्ये त्रिशा ग्रीनहाल्ग यांच्यासह अकरा देशांतील शहात्तर अभ्यासकांना ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या संपादकांना खुले पत्र लिहावे लागले, कारण त्या नियतकालिकाने गुणात्मक अभ्यासांस कमी प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले होते. वीस वर्षांपूर्वी ज्या दाराने प्रवेश मिळाला होता, तेच दार पुन्हा लोटले गेले.

६. रोझनहान प्रकरणाचा फेरविचार

२०१९ मध्ये पत्रकार सुझाना कॅहलन यांचा ‘द ग्रेट प्रिटेंडर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी रोझनहान यांची खासगी कागदपत्रे व रुग्णालयातील नोंदी मिळविल्या. या नोंदींनुसार रोझनहान यांनी स्वतः दाखल होताना निबंधात सांगितल्यापेक्षा कितीतरी गंभीर लक्षणे सांगितली होती. आत्महत्येच्या विचारांचा उल्लेखही त्यांत होता. रुग्णालयाचा चांगला अनुभव आलेल्या एका खोट्या रुग्णास निबंधातून वगळण्यात आले होते. अनेक वर्षे शोध घेऊनही बहुतेक खोट्या रुग्णांचा माग कॅहलन यांना लागला नाही. हा पुरावा निर्णायक मानावा की नाही याविषयी मतभेद असू शकतील. परंतु निबंधाचा आधार डळमळीत झाला, हे निर्विवाद आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. या निबंधास आजची दहा किंवा बत्तीस मुद्द्यांची सूची लावली असती तर काय झाले असते? नैतिक मान्यता आणि संशोधकाची भूमिका या मुद्द्यांवर त्याचे गुण कमी झाले असते. परंतु उद्देश स्पष्ट आहे, पद्धती उद्देशास साजेशी आहे, निष्कर्ष सुबोध आहेत, या रकान्यांत खूण पडली असती. सांगितलेली लक्षणे व नोंदविलेली लक्षणे यांतील तफावत कोणत्याही सूचीला सापडली नसती, कारण सूची अहवाल वाचते. अहवालामागचे दप्तर ती उघडत नाही.

हाच निबंध लिंकन-गूबा यांच्या मागोव्याच्या कसोटीस किंवा त्याहून जुन्या बेकर यांच्या कसोटीस लावला असता, तर पहिला प्रश्न निराळा पडला असता : टिपणे दाखवा, आणि तुमच्या निष्कर्षाच्या विरोधात गेलेला प्रसंग सांगा. वगळलेला रुग्ण हा नेमका तोच विरोधी प्रसंग होता. रुग्णालयात बरे वाटलेल्या माणसाचा अनुभव निष्कर्षास अडचणीचा, पण ज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होता. गॉफमन यांनी आपला कल सांगून टाकला, म्हणून त्यांचा ग्रंथ आजही सावधपणे वाचता येतो. रोझनहान यांचा निबंध तसा वाचता येत नाही.

७. गोपनीयता आणि भाषा : दोन व्यावहारिक अडचणी

मागोवा मोकळा ठेवण्यास एक रास्त आक्षेप घेतला जातो, तो गोपनीयतेचा. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले शब्द कोणाहीपुढे ठेवता येत नाहीत. हे खरे आहे. परंतु ओळख पटेल असे तपशील काढून, गोपनीयतेची हमी घेऊन मार्गदर्शक व परीक्षक यांना टिपणे दाखविता येतात. गोपनीयता माहिती देणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. तिचा उपयोग संशोधकाच्या रक्षणासाठी होऊ लागला, तर तिचा हेतूच उलटा होतो.

दुसरी अडचण भाषेची असून ती आपल्या प्रबंधांशी थेट निगडित आहे. मुलाखत मराठीत होते आणि प्रबंध पुष्कळदा इंग्रजीत लिहिला जातो. ‘अंगावरून जातंय, त्राणच राहत नाही’ असे एखादी ग्रामीण स्त्री सांगते. ‘अंगावरून जाणे’ हा प्रयोग पांढऱ्या स्रावासाठीही होतो आणि रक्तस्रावासाठीही. भाषांतर करताना संशोधकास एक अर्थ निवडावा लागतो, आणि ती निवड होताच वाचकाच्या दृष्टीने दुसरा अर्थ नाहीसा होतो. ‘टेन्शन’ हा शब्द तर इंग्रजीत जसाच्या तसा उतरतो आणि म्हणूनच अधिक फसवतो, कारण मराठी बोलण्यात त्यात काळजी, भीती, घरचे भांडण आणि कर्ज हे सारे मावते. ‘कोरेक’च्या बत्तीस मुद्द्यांत भाषांतराविषयी स्वतंत्र मुद्दा नाही. सूची पूर्ण भरली असूनही सर्वांत मोठी चूक तिच्या नजरेबाहेर राहू शकते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण होय.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. गुणात्मक संशोधनाच्या परीक्षणाची शिस्त १९५८ पासून लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. तिचा गाभा निष्कर्षापर्यंतची वाट वाचकास खुली करणे हा आहे. नंतरच्या तपासणी सूचींनी अहवाललेखन सुधारले, परंतु परीक्षकांत एकवाक्यता आणली नाही आणि मूळ आधारसामग्रीच्या सत्यतेची हमीही दिली नाही. आकड्यांची जोड दिल्याने गुणात्मक अभ्यास आपोआप विश्वसनीय होत नाही, हे रोझनहान प्रकरणाने दाखवून दिले आहे. भाषांतराची तपासणी प्रचलित सूचीवर सोपविता येत नाही.

यास्तव मार्गदर्शक व परीक्षक या नात्याने प्राध्यापकांनी सूची भरून घेण्याबरोबरच विद्यार्थ्याकडून काही गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. एक संपूर्ण मुलाखत मूळ मराठीत, तिच्या संकेतनासह. महत्त्वाच्या अवतरणाशेजारी मूळ शब्द. निष्कर्षाशी न जुळणारा किमान एक प्रसंग आणि त्याचे काय केले याचा खुलासा. आणि अभ्यासाच्या ओघात संशोधकाचे मत कोठे बदलले याची नोंद. यास तासाभराचा वेळ लागतो. परंतु ज्या विद्यार्थ्याचे मत संपूर्ण अभ्यासात कोठेच बदलले नाही, त्याने ऐकले किती, हा प्रश्न मौखिक परीक्षेत विचारण्याजोगा आहे.

गुणात्मक संशोधनात रुग्ण आपला अनुभव आपल्या स्वाधीन करतो. तो अनुभव वाचकापर्यंत जसा होता तसा पोहोचला की वाटेत बदलला, हे पाहणे हे परीक्षकाचे त्या रुग्णाप्रती असलेले कर्तव्य होय.